ढोलीत कोण राहतं?

(दृश्य : शाळेमागचं कुंपण, वठलेला पांगारा. संगीत नाही, फक्त ठकठक.)

आधी नुसतं ऐका.

ठक... ठक-ठक... थोडं थांबून पुन्हा ठक. हा सुतार पक्षी पोट भरतोय. सालीखालच्या अळ्या, मुंग्या शोधतोय. आता हा दुसरा आवाज. टर्रर्रर्र! एका दमात, कुठे न अडखळता. यात खाणंबिणं काही नाही. ही जागा माझी, असं तो शेजाऱ्यांना बजावतोय.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या शाळेत सुताराचा धडा असा कानापासून सुरू होतो. मुलं बाकांवर बोटांनी दोन्ही ठेके वाजवतात. वर्गात दंगा होतो. होऊ दे. पक्ष्यांचा रंगीत तक्ता भिंतीवर आहेच, तो नंतरही बघता येतो.

(दृश्य : खोडावर सोनपाठी सुतार. शेपटी जवळून.)

हा सोनपाठी. ताठ शेपटी खोडाला टेकवून कसा रेलून बसलाय बघा. कपाळापासून तुऱ्यापर्यंत सगळं लाल असेल तर नर. कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके आणि लाल रंग फक्त मागे, तर मादी. चौथीतली मुलं हे लांबूनच सांगतात.

मग ठरलेला प्रश्न येतोच. “सर, त्याचं डोकं नाही का दुखत?”

सुताराच्या कवटीतलं सच्छिद्र हाड धक्का शोषून घेतं, असं उत्तर कितीतरी पुस्तकांत छापलेलं आहे. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुतारांच्या तीन जातींचं अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं आणि २०२२ साली निष्कर्ष मांडला, की असं काही होतच नाही. धक्का डोक्यातच जिरला, तर लाकडावर घाव बसणार कसा? चोच आणि डोकं मिळून हातोडीसारखं एकसंध काम करतं. मेंदू मात्र इतका लहान, की तेवढा धक्का त्याला सहज सोसतो.

सरांनी फळ्यावर आधी पुस्तकातलं उत्तर लिहिलं, मग त्यावर काट मारली. छापलेलं खोडता येतं, याचाच मुलांना जास्त आनंद झाला.

(दृश्य : मातीची कवटी, लाल लोकर.)

जिभेसाठी माती आणि लोकर. सुताराच्या जिभेला आधार देणारी हाडं जबड्याखालून मागे जातात आणि कवटीला वळसा घालून डोक्यावरून पुढे येतात. लोकर गुंडाळून झाली की मुलं आपली जीभ बाहेर काढून मोजू लागतात. तो भाग आम्ही चित्रपटातून वगळला आहे.

(दृश्य : खोडावरच्या ढोल्या. एकीतून डोकावणारा पोपट.)

सुतार कोरतो एक ढोली, आणि तो निघून गेला की राहायला येतात पोपट, साळुंकी, दयाळ, पिंगळा. यांच्यापैकी कुणालाच सुतारासारखं लाकूड कोरता येत नाही. तांबट तेवढा आपलं घर आपण कोरतो. आणि तांबूस सुताराची तऱ्हाच वेगळी. झाडावर मुंग्यांनी बांधलेल्या घरट्यात, मुंग्या नांदत असतानाच, तो आपली अंडी घालतो. यावर मुलांचा विश्वास बसत नाही. मोठ्यांचाही बसत नाही.

ढोलीत हात घालायचा नाही, हा इथला कडक नियम. पिल्लांसाठी आणि स्वतःसाठीही. आत साप असू शकतो.

(दृश्य : दप्तराबाहेर डोकावणारी गलोल.)

गलोलवाल्या मुलांना आधी रागवायचं, ही आपली सवय. पण पक्षी कुठे बसतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मुंबईतल्या एका मुलानंही छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी कपाटांचे खण उघडून त्याला तिथला पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सलीम अली. त्यांच्या आणि रानावनांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. इथे गलोलवाल्यांना निरीक्षणाची वही मिळते, ती मात्र वर्षभरासाठी.

(दृश्य : कुऱ्हाड, गावकरी, मुलं.)

हा पांगारा यंदा तोडायचं ठरलं होतं. वाळलेल्या फांद्या मुलांच्या अंगावर पडतील, ही भीती खोटी नव्हती. मुलांनी वही पुढे केली. मग धोक्याच्या फांद्या तेवढ्या छाटल्या आणि ढोल्यांचं खोड राहू दिलं. सध्या वरच्या ढोलीवरून पोपट आणि साळुंकीचं जोरदार भांडण चाललंय. दोन्ही बाजू लिहून घ्यायचं काम सातवीकडे आहे.