पनीर नासलं, चेडरला बुरशी आली

(वरूड तालुक्यातल्या एका हायस्कुलात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुख्याध्यापक सर, शिक्षक मंडळी, कामधंदा सोडून आलेले पालक आणि समोर सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो,

विज्ञान दिनाला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यावर बोलायचा रिवाज आहे. 28 फेब्रुवारी 1928 ला त्यांना प्रकाशाचा तो परिणाम सापडला, म्हणून आजचा दिवस. पण 1928 सालात आणखी एक गोष्ट घडली. सप्टेंबरमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या आपल्या प्रयोगशाळेत परतले, तर जंतू वाढवायला ठेवलेल्या एका बशीत बुरशी उगवली होती आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मरून गेले होते. त्यातून पुढे पेनिसिलिन आलं. आपल्या पिंपरीला 1954 मध्ये त्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. रामन यांच्यावर तुमचे सर दरवर्षी बोलतातच. मी आज बुरशीवर बोलतो, कारण तुमच्या आठवीच्या मुलांची प्रयोगवही माझ्या हातात आहे आणि ती मला फार आवडली.

प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, पण पालकांसाठी सांगतो. गेल्या पावसाळ्यात मुलांनी चार प्रकारचं चीज घेतलं. डेअरीवरचं ताजं पनीर, पिझ्झावाल्याकडून आणलेलं मोझरेला, नागपूरहून मागवलेला चेडरचा तुकडा आणि किराणा दुकानात मिळतो तो चांदीच्या कागदातला प्रोसेस्ड क्यूब. पारदर्शक झाकणाचे डबे, प्रत्येक प्रकाराचे तीन तुकडे, सगळे सारख्या मापाचे. सगळे तुकडे सारखाच वेळ वर्गात उघडे ठेवले, मग झाकण लावून वरून टेप. प्रश्न एकच : बुरशी आधी कोणाला येते?

तुकडे वजनानं न मोजता लांबी-रुंदीनं सारखे कापले, हे बाईंनी फार चांगलं केलं. बुरशी पृष्ठभागावर येते, म्हणून पृष्ठभाग सारखा पाहिजे. मुलांना काही डबे फ्रिजमध्ये, काही गोठ्यात आणि काही देवघरात ठेवायचे होते म्हणे. तेही बाईंनी होऊ दिलं नाही. चीजही बदललं आणि जागाही बदलली, तर फरक कशानं पडला ते कोण सांगणार?

आता वही. पनीरच्या पानावर दुसऱ्याच दिवशी लिहिलंय, ‘झाकणाला आतून घाम. खाली पिवळसर पाणी.’ तिसऱ्या दिवशी, ‘वरचा भाग बुळबुळीत, चकाकतो. कडेला गुलाबी ठिपका.’ त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलंय आणि लिहिलंय, ‘ही बुरशी का?’ चेडरच्या पानावर आठवडाभर नुसतं ‘काही नाही, काही नाही’. मग एके दिवशी, ‘पांढरा कापूस, ज्वारीच्या दाण्याएवढा.’ दोन दिवसांनी, ‘मधे हिरवं-निळं, कडा पांढरीच.’ झाकणावर आलेख कागदाची पट्टी धरून त्यांनी चौकोन मोजलेत. आणि क्यूबच्या पानावर प्रयोग संपेपर्यंत काहीच नाही. एका मुलानं तर वैतागून लिहिलंय, ‘याले काहीच नाही होऊन राह्यलं.’ बाईंनी ते खोडलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

मोझरेला पनीर आणि चेडर यांच्या अधेमधे कुठेतरी होतं. थोडं चिकट झालं, थोडी बुरशी आली. त्यावर वेळ घालवत नाही.

मुलांनी निष्कर्ष लिहिला, ‘पनीरला सर्वांत आधी बुरशी आली.’ इथे मी थांबतो. पनीरवर बुरशी आलीच नव्हती. पनीर नासलं होतं, आणि ते जिवाणूंनी नासवलं होतं. बुळबुळीतपणा, पिवळं पाणी, आंबूस वास ही सगळी जिवाणूंची कामं. गुलाबी ठिपका बहुधा यीस्टचा. तंतू काढून, वर हिरवी-काळी भुकटी धरणारी ती बुरशी. ती पनीरवर यायच्या आत जिवाणूंनी पनीर खाऊन संपवत आणलं होतं. म्हणजे ‘आधी बुरशी कोणाला’ आणि ‘आधी खराब कोण झालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलांनी पहिला विचारला आणि उत्तर दुसऱ्याचं लिहिलं. मोठमोठे लोक हेच करतात, म्हणून हा दोष मी मुलांच्या माथी मारत नाही. पण या एका गोष्टीसाठीच आज मी इथवर आलोय.

पनीर असं का वागलं? ते कसं करतात ते आठवा. दूध तापवायचं, लिंबू किंवा सायट्रिक आम्लानं फाडायचं, फडक्यात बांधून वर वजन ठेवायचं. मीठ नाही. पाणी भरपूर, आपल्या देशाच्या नियमात पनीरमध्ये 60 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. दुधातली साखर निवळीबरोबर बरीचशी निघून जाते, पण जो ओलावा पनीरमध्ये राहतो, त्यात ती राहतेच. वर फडकं, हात, सुरी, काटा यांचा स्पर्श. जिवाणूंना आणखी काय पाहिजे? ते काही तासांत दुपटी-चौपटीनं वाढतात. बुरशीचा बीजाणू रुजून तंतू काढेपर्यंत यांची जेवणं उरकलेली असतात.

चेडरची गोष्ट उलटी. त्यात दही लावल्यासारखे जिवाणू मुद्दाम घातलेले असतात. ते दुधातली साखर पहिल्या काही आठवड्यांतच संपवतात आणि आम्ल करून ठेवतात. ओलावा 39 टक्क्यांच्या आत. मीठ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. ते कमी वाटतं, पण ते मीठ त्या थोड्याशा पाण्यातच विरघळलेलं असतं. तेवढ्या पाण्यापुरता हिशेब केला तर खारटपणा पाच टक्क्यांजवळ जातो. साखर नाही, आम्ल आहे, खार आहे, पाणी बांधलेलं आहे. नासवणारे बहुतेक जिवाणू तिथे हात टेकतात. बुरशीला मात्र आम्लाचं फारसं वावडं नाही, आणि जिवाणूंपेक्षा कमी मोकळ्या पाण्यावर ती भागवते. रान मोकळं मिळालं की ती सावकाश, पण ऐटीत वाढते. तुमच्या चेडरवरचा तो हिरवा-निळा गोल, पांढऱ्या काठाचा, किती सुबक आहे पाहा. पांढरा काठ म्हणजे कोवळे तंतू, रोज पुढे सरकणारे. मधली हिरवी भुकटी म्हणजे बीजाणू, दुसरीकडे जायला तयार. रंगरूपावरून ती पेनिसिलियम जातीची असावी, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही.

वरूड-मोर्शीच्या माणसाला पेनिसिलियम नवी नाही. संत्र्याची पेटी चार दिवस जास्त राहिली, की एखाद्या फळावर मऊ डाग पडतो, पांढरं वर्तुळ येतं आणि मग हिरवी भुकटी उडते. ती पेनिसिलियम डिजिटाटम. निळसर असेल तर पेनिसिलियम इटालिकम. त्यांचीच एक बहीण, पेनिसिलियम रोकफोर्टी, फ्रान्समध्ये रोकफोर नावाच्या गावी लोक मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये हौसेनं वाढवतात. तिथल्या डोंगरातल्या गुहांमध्ये ते चीज मुरवतात आणि त्याला सुया टोचतात. कशासाठी? आत हवा जावी म्हणून. बुरशीला हवा लागते. आपण कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर बोटभर वर ठेवतो तो हवा अडवायला, ते लोक भोकं पाडतात ती हवा घालायला. ज्ञान एकच.

आता क्यूब. याच्यावरून प्रदर्शनात वाद झाला म्हणे. एका पालकांनी सांगितलं, ‘मी त म्हणतच होतो, थे पलाश्टिक हाय. बुरशीसुद्धा खात नाही, आपण काहून खावं?’ मोबाइलवर असे व्हिडिओ फिरतात, मीही पाहिलेत. ज्याला बुरशी लागते ते अस्सल, ज्याला लागत नाही ते नकली, असा त्यांचा सूर.

भाऊ, तुमच्या घरच्या कोरड्या मुगवड्यांना उन्हाळाभर बुरशी येत नाही. गुळाच्या पक्क्या पाकातल्या मोरावळ्याला येत नाही. ते प्लास्टिक आहे का? क्यूब कसा होतो ते पाहा. तयार चीज किसायचं, त्यात सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार घालायचे, 75-80 अंशांच्या वर तापवून वितळवायचं आणि गरम असतानाच भरून बंद करायचं. आतलं जवळपास सगळं जिवंत तिथेच संपतं. वर मीठ असतं, आणि बहुधा परिरक्षकही. वेष्टनावर बारीक अक्षरांत 200 किंवा 202 असा आकडा शोधा. 200 म्हणजे सॉर्बिक आम्ल, 202 म्हणजे त्याचा पोटॅशियम क्षार. बुरशी आणि यीस्ट रोखायलाच ते घालतात, आणि ठरलेल्या प्रमाणात घालायला कायद्यानं परवानगी आहे. तेव्हा क्यूबला बुरशी आली नाही, याचा अर्थ घातलेल्या वस्तूनं आपलं काम केलं. क्यूब रोज खावा का, हा प्रश्न मिठाचा आणि चरबीचा आहे. तो विचारा, मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण त्याचं उत्तर या डब्यात नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. बुरशी दिसत नाही म्हणून वस्तू नकली ठरत नाही, तशी ती दिसत नाही म्हणून वस्तू निर्धोकही ठरत नाही. आपल्याकडे गाई-म्हशींना सरकीची ढेप घालतात. पावसाळ्यात ढेपेची पोती ओल्या भिंतीला टेकलेली असतात. त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर-हिरवी बुरशी बसली, तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. जनावर ते खातं, त्याच्या यकृतात त्याचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. दूध पांढरंशुभ्र, वास चांगला, डोळ्याला काही कळत नाही. उकळल्यानं ते जात नाही. उलट दुधातल्या केसीन प्रथिनाला ते धरून राहतं, त्यामुळे पनीर-चीज केलं की तेवढ्याच वजनात दुधापेक्षा त्याचं प्रमाण वाढतं. दुधातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक ठेवलीय, ती उगीच नाही. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन 397 माणसं आजारी पडली, त्यांतली 106 दगावली. तिथे बुरशी डोळ्यांना दिसत होती. घरात दुसरं खायला नव्हतं, म्हणून लोकांनी तो मका खाल्ला.

ज्येष्ठ मंडळींना परतीच्या पावसात काळी पडलेली संकरित ज्वारी आठवत असेल. कणीस भरलं, पाऊस आला, दाणा काळा. तीही बुरशीच. आपल्या भागातून खरिपाची ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, त्याला जी कारणं झाली त्यांत हे एक. तेव्हा बुरशीचा विषय चीजचा वाटला, तरी तो तुमच्या कोठारातला आहे.

एका माउलीनं मघाशी विचारलं, पोरांनी हे डबे हाताळले, 2021 ला आली ती काळी बुरशी तर नाही ना होणार? भीती साहजिक आहे, त्या वर्षी नागपूरच्या दवाखान्यांत आपल्या भागातले किती लोक होते. तो आजार मुख्यतः रायझोपससारख्या बुरशांनी होतो आणि त्यांचे बीजाणू आपल्या हवेत, मातीत रोजच असतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना दाद देत नाही. हाताबाहेर गेलेला मधुमेह, स्टेरॉइडचा मारा, अशा वेळी त्या आत घुसतात. तरी डबा उघडायचा नाही, हुंगायचा तर मुळीच नाही. दमा असलेल्या मुलानं लांबूनच पाहायचं. संपल्यावर टेपसकट पिशवीत बांधून टाकायचं. घरच्या पनीरवर किंवा ब्रेडवर बुरशी दिसली, तर तेवढाच तुकडा कापून बाकीचं खाऊ नका. मऊ, ओल्या पदार्थात तंतू दिसतात त्याच्या फार आत गेलेले असतात. चेडरसारख्या घट्ट चीजचा डागाभोवतीचा इंचभर भाग खोलवर कापून टाकला, तर बाकीचं चालतं.

शेवटी एका मुलीचा प्रश्न. तिनं चिठ्ठी पाठवलीय, ‘क्यूबवर बुरशी मुद्दाम लावली तर येईल का?’ हा प्रश्न मूळ प्रयोगापेक्षा चांगला आहे, कारण वर्गातल्या हवेतून कुठल्या तुकड्यावर किती बीजाणू पडले, ते आपल्याला ठाऊकच नव्हतं. येत्या पावसाळ्यात करा. चेडरवर नवी हिरवी बुरशी आली की कापसाच्या काडीनं तिचा एक हलका स्पर्श क्यूबला आणि तसाच एक नव्या चेडरला. हे काम बाईंनी करायचं, तोंडाला मास्क लावून. शेंगदाण्यावरची किंवा मक्यावरची बुरशी वापरायची नाही, कारण मघाचंच, अफ्लाटॉक्सिन. बीजाणू खूप पडले तर सॉर्बिक आम्ल कमी पडू शकतं. काही पेनिसिलियम तर ते आम्लच पचवतात आणि त्यातून एक वायू सोडतात, त्याला रॉकेलसारखा वास येतो. चीजच्या कारखान्यांत या वासावरून माल परत आल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या क्यूबवर हिरवा ठिपका आलाच, तर तारीख लिहा, चौकोन मोजा. वासाचा रकाना मात्र कोराच राहील, कारण टेप काढायची नाही.