विषाणूचेच तुकडे, विषाणूवर

[दृश्य: तंबाखूचं रोप. खालच्या पानांवर फिकट वलयं, वरची पानं स्वच्छ हिरवी.]

साल 1928. अमेरिकेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. ए. विंगार्ड तंबाखूवरच्या वलयी ठिपक्यांच्या रोगाचा अभ्यास करत होते. खालची पानं रोगानं खंगलेली, पण त्याच रोपाला नंतर फुटलेली पानं ठणठणीत. त्यांच्यावर तोच विषाणू पुन्हा चोळला, तरी रोग उमटेना. वनस्पतीकडे प्रतिपिंडं नाहीत, शरीरभर फिरणाऱ्या संरक्षक पेशी नाहीत. मग विषाणूची ओळख ठेवली कुणी?

[दृश्य: पेशीच्या आतलं अ‍ॅनिमेशन.]

बहुतेक वनस्पती-विषाणूंचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये, म्हणजे डीएनएसारख्याच एका धाग्यासारख्या रेणूत असतो. किडीच्या सोंडेतून किंवा जखमेतून विषाणू पेशीत शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढू लागतो. त्या काढताना दुपदरी आरएनए तयार होतो, आणि विषाणू उघडा पडतो तो इथेच. ‘डायसर’ कुळातली विकरं (म्हणजे एन्झाइम) हा दुपदरी धागा गाठून त्याचे बारीक तुकडे पाडतात, बहुतांशी 21 ते 22 न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतली एकेक कडी) लांबीचे. वनस्पतींमधले असे इवलेसे आरएनए अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकम यांनी 1999 साली दाखवून दिले.

यापुढची पायरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. तुकड्याचा एक पदर ‘आर्गोनॉट’ नावाचं प्रथिन स्वतःत बसवून घेतं. त्या पदराशी जुळणारा आरएनए समोर आला, की आर्गोनॉट तो कापतं. त्यामुळे पूर्वी कधीच न भेटलेल्या विषाणूशीही झाड लढू शकतं, कारण त्याला ओळखायची खूण त्याच्याच अंगातून काढलेली असते.

शिवाय आरडीआर6 हे विकर नवा दुपदरी आरएनए घडवतं, तुकडे वाढत जातात. पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी आणि रसवाहिन्यांतून ही खबर विषाणू पोहोचण्याआधीच कोवळ्या पानांकडे जाते.

[दृश्य: दोन प्रथिनांच्या पकडीतला आरएनएचा तुकडा.]

विषाणूही गप्प बसत नाहीत. टॉम्बसविषाणू या वनस्पती-विषाणूंच्या गटाचं पी19 प्रथिन 21 न्यूक्लिओटाइडांचा दुपदरी तुकडा दोन्ही टोकांना मापून पकडतं आणि आर्गोनॉटपर्यंत जाऊच देत नाही. वनस्पतीत आर्गोनॉटचे अनेक प्रकार असतात; इतर काही विषाणू त्यांतलं आर्गोनॉट-1 थेट निकामी करतात.

मात्र आर्गोनॉट-1 एरवी एका सूक्ष्म आरएनएच्या मदतीनं आर्गोनॉट-2 ला दाबून ठेवत असतं. ते निकामी होताच हा लगाम सुटतो, आर्गोनॉट-2 चं प्रमाण वाढतं आणि कापणीचं काम ते हाती घेतं.