न्हाणीत टब बांधताना

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या आजोळी, फोंड्याच्या बाजूला, न्हाणी घराच्या मागच्या अंगाला होती. चुलीवर तांब्याचं भाण, खाली काळवंडलेले चिरे, उभं राहायला एक खडबडीत दगड. पाणी थेट केळींच्या आळ्यात जायचं. न्हाणी सदा ओली, पण घर कोरडं. आता तीच न्हाणी बेडरूमला चिकटलीय, कधी वरच्या मजल्यावर चढलीय, आणि तिच्यात दगडी कठड्याचा बांधीव टब हवा म्हणणारी मंडळी वाढलीयत. घरांचे आराखडे करणं हा माझा धंदा, त्यामुळे हौसेला माझी ना नाही. फक्त लोक दगडापासून सुरुवात करतात, मी पाण्यापासून.

आधी वजन बघा. टबात दोनशे-अडीचशे लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो. त्यात टब, माणूस, भोवतीचं बांधकाम आणि दगड. हे सगळं जेमतेम दीड चौरस मीटरवर. राहत्या घराची स्लॅब वापरासाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून काढतात. म्हणून वरच्या मजल्यावर टब हवा असेल, तर ते स्लॅब ओतण्याआधी इंजिनिअरच्या कानावर घाला. जुन्या घराच्या लाकडी माडीवर तर नकोच.

मग गरम पाणी. नळाचं पाणी 27 अंशांचं धरलं आणि टबात 40 अंशांचं हवं असेल, तर 200 लिटरच्या टबाला गिझरमधलं 60 अंशांचं 80 लिटर पाणी लागतं. गिझर असतो 15 नाहीतर 25 लिटरचा. तो तिसऱ्यांदा तापेपर्यंत टबातलं पहिलं पाणी निवतं! सोलर लावतो म्हणाल, तर टबात बसायची खरी मजा पावसात, आणि पावसात आपल्याकडे ऊन कुठलं?

आता दगड. म्हापशाच्या एका घरी मी पांढरा मार्बल, कडप्पा आणि ग्रॅनाइट असे तीन तुकडे ओट्यावर मांडले आणि तिन्हींवर लिंबू पिळलं. मार्बलवर बारीक बुडबुडे आले. घरातल्या वहिनींनी फ्रिजमधून आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बाटली काढली आणि शेजारी एकेक थेंब टाकला. दहा मिनिटांनी पुसून तुकडे खिडकीशी तिरके धरले. मार्बलची चकाकी लिंबाच्या आकारात गेली होती, आणि आगळाचा गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. कडप्पाही निस्तेज पडला. ग्रॅनाइटला काही झालं नाही. मार्बल काय, कोटा, कडप्पा, शहाबादी काय, सगळे चुन्याच्या कुळातले. आम्ल त्यांना खातं. न्हाणीत आगळ कोण नेणार, म्हणाल. पण संडास घासायचं अ‍ॅसिड तिथंच कोपऱ्यात असतं ना? आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर पांढऱ्या दगडावर तांबूस ओघळ ठरलेले.

टबाच्या कठड्याला मी ग्रॅनाइटच सुचवते. पायाखाली मात्र पॉलिश केलेला नको, साबणाच्या पाण्यात पाय सटकतो; लेदर किंवा फ्लेम असं खरखरीत फिनिश घ्या. कोटा आवडत असेल तर जमिनीला घाला, सीलर मारा, अ‍ॅसिड घराबाहेर ठेवा. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, दिसायला देखणा, पण सच्छिद्र. पाणी पीतच राहतो. तो बाहेरच्या भिंतीतच शोभतो.

शेवटचं, आणि हे मी स्वतः चुकून शिकले. माझ्या सुरुवातीच्या एका कामात टब चारी बाजूंनी ग्रॅनाइटनं बंद केला. दिसायला झकास. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल आली. पाऊस समजून आम्ही गच्ची तपासत बसलो. गळत होता टबाच्या खालचा सांधा, आणि तिथं पोचायला वाटच नव्हती. अखंड पाटी फोडावी लागली. तेव्हापासून टब बसवण्याआधी त्याच्या खालच्या जमिनीलाही वॉटरप्रूफिंग करून घेते, चार फुटांना अर्धा इंच उतार आणि पाणी जायला वेगळी मोरी देते. मग मोरीचं भोक बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताला हात लावून बघायचं. गवंडी कुरकुरतो, कुरकुरू दे.

त्या घरात आता कठड्याच्या पायाशी हातभर रुंदीचं एक सुटं दगडी झाकण आहे. दोन स्क्रू काढले की प्लंबरचा हात आत जातो.

नमस्कार.