ऊन चढायच्या आत

(पहाट. अंगण. खराट्याचा आवाज.)

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसहा. नागपुरात अजून सकाळी अंगावर शाल लागते, पण समोरच्या कडुनिंबानं पानं गाळायला सुरुवात केलीय, त्यामुळे रोज उठलं की अंगणात पिवळ्या पाल्याचा हा एवढा ढीग. गल्लीत बरेच जण तो झाडून कोपऱ्यात पेटवून देतात. आई पेटवू देत नाही. ती पोत्यात दाबून दाबून भरते आणि पोती जिन्याखाली रचून ठेवते, आणि ही पोती एप्रिलमध्ये परत दिसणार आहेत, तेव्हा लक्षात असू द्या.

ही आमची बाग. बाग म्हणजे गेटपासून पायरीपर्यंतची १० बाय १२ फुटाची जागा, वर गच्चीवर काही कुंड्या, ग्रो बॅग, आणि एक जुन्या कूलरची टाकी. कूलर गेला, मोटार गेली, पत्र्याची टाकी तेवढी उरली, तिच्या बुडाला चार-पाच भोकं पाडली आणि आता त्यात पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, होतो.

(आईचे हात, मातीत.)

वसंत आला की लागवड करायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण नागपुरात वसंत असतो किती दिवस? महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, आणि तिच्या मागोमाग ऊन येऊन उभंच राहतं. फेब्रुवारीत दुपारचं तापमान ३२ च्या आसपास, एप्रिलमध्ये ४० च्या वर, आणि मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको, २३ मे २०१३ ला याच शहरात ४७.९ नोंदलं गेलंय. म्हणजे बी पेरल्यापासून वेलाचं मूळ खोल जाईपर्यंत तुमच्या हातात मोजून दीड-दोन महिने. आई वसंत पंचमीला माती हलवते आणि शिवरात्रीच्या आत तिचं सगळं बी मातीत गेलेलं असतं.

मी तिचं ऐकलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून लौकी (दुधी भोपळा) आणि काकडी लावली होती, मुहूर्त चांगला, दिवस चांगला, बीपण चांगलं. वेल मस्त वाढले, फुलं पण भरपूर आली, पण फळ एक नाही. सगळी नर फुलं. या वेलवर्गीय भाज्यांचं असंच असतं, दिवस मोठा झाला आणि उष्णता वाढली की नर फुलं जास्त येतात आणि मादी फुलं कमी, आणि थंडीच्या शेवटाला, दिवस लहान असताना वेल वाढला असेल तर मादी फुलं बऱ्यापैकी येतात. एप्रिलच्या शेवटी पानं कडेनं करपली, मे महिन्यात मी वाळलेले वेल ओढून काढले. आई काही बोलली नाही. पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी तिनं माझ्या हातात सब्बल, म्हणजे पहार, दिली.

(सब्बल मातीत रुतते. ढेकूळ फुटतं.)

आधी माती. नागपूरची माती काळी, चिकण, पाणी धरून ठेवते म्हणून भारी वाटते, पण तीच उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेग पडली की त्यात बारीक मुळं तुटतात. देशभरच्या मातीचे नकाशे करणारी संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो, आपल्याच शहरात अमरावती रोडवर आहे, आणि तरी आपल्यातले किती तरी लोक नर्सरीतून लाल मातीचं पोतं आणतात कारण काळीत काही होत नाही असं त्यांना वाटतं. होतं. तिला मोकळं करावं लागतं एवढंच. आई दोन घमेली काळी माती, एक घमेलं शेणखत आणि एक घमेलं धानाचा तूस असं धरते, भंडारा-गोंदिया बाजूला राईस मिल आहेत त्यामुळे तूस आपल्याकडे स्वस्तात मिळतो. वरून दोन मुठी निंबोळी पेंड.

शेणखताचं मात्र नीट बघून घ्या. मुठीत धरून दाबलं आणि सोडलं की भुगा झाला पाहिजे, आणि वास मातीचा आला पाहिजे, शेणाचा नाही. कच्चं शेण घातलं तर ते कुजताना गरम होतं, कोवळी मुळं जळतात, वर वाळवी लागते ती वेगळीच.

(ओलं फडकं उलगडतं. आत कारल्याच्या बिया.)

आता हे बघा, जवळून बघा. कारल्याचं बी, कडेनं नक्षी असलेलं, एकदम कडक. हे तसंच पेरलं तर पंधरा-पंधरा दिवस काही होत नाही. आई नेलकटरनं टोकाचा जरासा टवका काढते, आतल्या गराला धक्का न लावता, मग एक दिवस पाण्यात, आणि मग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर, म्हणजे किचनमधल्या उबेला. चौथ्या-पाचव्या दिवशी फडकं उघडलं की हे पांढरं टोक दिसतं. भेंडीला एक रात्र भिजवलं तरी पुरतं. चवळी, गवार भिजवत बसायची गरज नाही, ती आपोआप येतात.

मी विचारलं होतं, एवढं कशाला, सरळ मातीत टाकू ना. तर म्हणाली, "अजून माती थंडीच आहे ना रे, बी सडून जाईन." आणि ते खरं आहे, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे माती गारच असते, वर उगवायला ऊब लागते, म्हणून मोड घरात आणायचे आणि मग बाहेर न्यायचे. यातच आठ-दहा दिवस वाचतात.

काय काय लावलं? कारलं, दोडकं, लौकी, काकडी, भेंडी, गवार, आणि ढेमसं. ढेमशाशिवाय आमच्याकडे उन्हाळा होत नाही. टमाटर आता नवीन लावू नका, ३५ च्या वर पारा गेला की फूल येतं आणि गळून जातं, फळ धरत नाही, ते झाड हिवाळ्याचंच.

(माठ. खड्डा.)

हा माठ चार वर्षं घरात पाणी गार करत होता. मग त्याची छिद्रं बुजली, पाणी गार होईना, नवीन आणला. याला आईनं बाहेरून विटेच्या तुकड्यानं घासलं, परत पाझरायला लागला. आता अंगणाच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरलाय, तोंडावर ताटली, आणि भोवती वीतभर अंतरावर चार वेल. माठात पाणी भरायचं, ते हळूहळू मातीत झिरपतं, आणि मुळं आपोआप त्याच्याकडे जातात. वरून पाणी टाकलं की अर्धं वाफ होऊन जातं, इथे पाणी खालच्या खालीच राहतं. पेंच धरणाचं पाणी कुठून कुठून आपल्या नळाला येतं, ते गेटबाहेर वाहताना बघवत नाही.

कूलरचं पाणी कुंडीत ओतायचा मोह होतो, तो टाळा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, टाकीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना, तोच. झाडांच्या पानांच्या कडा त्यानं जळतात.

(मार्च. कोवळी रोपं. पानावर नारिंगी किडा.)

मार्च. शहराबाहेर काटोल रोडला पळस पेटलेला, आणि आमच्या काकडीच्या पहिल्या दोन पानांना भोकं. हा लाल भुंगा. रोप चार-सहा पानांचं झालं की फारसं बिघडवत नाही, पण या वयात दोन दिवसांत साफ करतो. सकाळी लवकर तो सुस्त असतो, तेव्हा हातानं वेचायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा, वरून चुलीची नाहीतर शेगडीची चाळलेली राख. आई रोज चहाच्या आधी हा एक फेरा मारते, मीपण आता मारतो.

(एप्रिल. पोती उघडतात.)

आणि ही ती पोती. कडुनिंबाचा पाला, आता कुरकुरीत. आळ्यात तीन-चार बोटं जाड पसरायचा, खोडाला चिकटू द्यायचा नाही. दुपारी एक वाजता उघड्या मातीवर हात ठेवा, चटका बसतो. पाल्याखाली बोटं घाला, ओल लागते. मी हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा खरंच विश्वास बसला नाही, तीन-चार बोटांच्या अंतरात एवढा फरक.

दुपारी वेल मान टाकतात. बघवत नाही, पाईप घेऊन धावावंसं वाटतं. धावू नका. गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या वेळी हाताला सोसत नाही, तेच मुळांना द्यायचं का? सात वाजता परत बघा, पानं आपोआप उभी झालेली असतील. संध्याकाळीही पडलेलीच असतील तर मात्र पाणी कमी आहे, मग द्या. गच्चीवरच्या काळ्या ग्रो बॅगना भोवती ओलं पोतं गुंडाळा, आणि ऊन ४० च्या पुढे गेलं की ५० टक्के सावलीवाली ग्रीन नेट, पश्चिमेकडून आधी.

(संध्याकाळ, पावणेसात. मांडव.)

लौकीचं फूल संध्याकाळी उमलतं. दोडक्याचंही. काकडीचं, कारल्याचं सकाळी. म्हणून सकाळच्या मधमाश्या लौकीच्या कामाच्या नाहीत, तिच्याकडे रात्रीचे पतंग येतात, आणि आमच्या गल्लीत एवढे दिवे, पतंग सगळे खांबावर. त्यामुळे हे काम आई करते.

बघा, हे नर फूल, लांब सरळ देठ. आणि हे मादी, फुलाच्या खाली करंगळीएवढी लवदार लौकी आधीच लागलेली. आई नर फूल तोडते, पाकळ्या मागे मुडपते, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवते. दोनदा. तीनदा.

"आता हात नको लावू," मला म्हणते.

(काळोख. पांढरं फूल.)

तीन दिवसांनी ती करंगळी अंगठ्याएवढी झाली, आणि देठ खाली वाकलं.