लसूण, काढा आणि रक्त पातळ करायची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

मंदसौर-नीमचचा लसूण आपल्या इंदुरात पोत्यांनी उतरतो, आणि ‘रोज अनशापोटी एक पाकळी गिळा, रक्त पातळ राहतं’ हा सल्लाही त्याच्या मागोमाग घरोघरी पोचतो. सल्ला अगदीच खोटा नाही. पण ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा पायाच्या शिरेत एकदा गुठळी होऊन गेली आहे, त्यांना तो अपुरा पडतो. आज मला बोलायचं आहे ते त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी.

आधी पाकळीच बघू. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की क्षणात उग्र दर्प येतो, कारण आतले दोन पदार्थ तेव्हाच एकमेकांना भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं. ठेचलेला लसूण तेलात मुरला की त्यापासून अजोईन बनतं. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटू न देण्याचा गुण अजोईनमध्ये प्रयोगशाळेत दिसला आहे. पण पाकळी न चावता गिळली, किंवा सोलल्या सोलल्या कढत फोडणीत टाकली, तर ही सगळी प्रक्रिया बरीचशी होतच नाही. म्हणजे कुणाच्या पोटात नेमकं किती औषध गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. हळद, आलं, लवंग यांचंही थोडंफार असंच.

वनस्पतीतून खरं औषध कसं निघतं, त्याची एक हकिकत सांगते. 1920च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. ती खात होती स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. आपल्या उत्तरेकडे जिला सेंजी म्हणतात, त्याच जातकुळीतला. ताजा चारा निर्धोक होता. ओल लागून बुरशी चढलेला मात्र घातक. 1933 साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत येऊन धडकला. चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला 1939 उजाडलं. पुढे त्याच घराण्यातून वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध आलं. 1948मध्ये उंदराचं औषध म्हणून, आणि 1950च्या दशकात माणसांसाठी. आज आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डब्यात असणारी ॲसिनोकुमरॉलची गोळीही याच घराण्यातली. मारक चाऱ्याचं तारक औषध झालं, कारण त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजता आली आणि परिणाम रक्त तपासून बघता आला.

आता जे सांगते ते कृपा करून नीट ऐका. गुठळीत दोन गोष्टी असतात: बिंबिका, आणि त्यांना बांधणारं फायब्रिनचं जाळं. झडपेवरच्या आणि पायाच्या शिरेतल्या गुठळीत जाळ्याचा वाटा मोठा. वॉर्फरिन त्या जाळ्यावर काम करतं, लसूण काम करतो मुख्यतः बिंबिकांवर. म्हणून लसूण सुरू केला म्हणून गोळी बंद, हा हिशेब जुळत नाही. आणि दोन्ही एकत्र घेतले, तर? तुमची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी, जाळ्याची बाजू मोजते, बिंबिकांची नाही. लसणाच्या किंवा जिन्को नावाच्या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूलमुळे रक्तस्रावाचा धोका वाढलेला असेल आणि आयएनआर मात्र छान अडीच दाखवत असेल! रिपोर्ट चांगला आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात, मला त्याचीच काळजी वाटते.

भाजीतला लसूण, वरणातली हळद चालू द्या. प्रश्न आहे तो कॅप्सूलचा, अर्काचा, सियागंजच्या बाजारातून आणलेल्या पुड्यांच्या काढ्याचा. अर्जुनसाल घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पुडी बरोबर न्या, दाखवा, संकोच करू नका. पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असतं आणि ते वॉर्फरिनच्या उलट काम करतं. त्या सोडायच्या नाहीत, पण एक आठवडा रोज मेथी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असंही करायचं नाही. दाढ काढायची असो की मोतीबिंदू, कॅप्सूल किंवा काढा चालू असल्याचं डॉक्टरांना एक-दोन आठवडे आधी सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

हिरड्यांतून रक्त, शौचाला काळं होणं, डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर वाट बघू नका. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागली असेल, तर रात्र असली तरी तडक मोठ्या रुग्णालयात जा.