खाटा वाढवल्या तरी रुग्णालय भरलेलंच का?

खाटा कमी पडताहेत, तर वाढवा, असं कुणालाही वाटेल. 2000 नंतर इंग्लंडात हाच पेच होता. उपचार संपलेले वृद्ध रुग्ण वॉर्डातच पडून राहत, कारण पुढे घरी किंवा शुश्रूषागृहात देखभालीची सोय नसे. ती सोय करणं स्थानिक संस्थांचं काम. 2003 मध्ये कायदाच झाला: संस्थेमुळे डिस्चार्ज रखडला, तर रुग्णालयाला रोज 100 पौंड द्या, लंडन आणि आग्नेय इंग्लंडात 120.

संशोधक एरिक वोल्स्टनहोम आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास या साखळीचं सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल केलं. टाक्या आणि तोट्यांचाच खेळ म्हणा ना. मधली टाकी, म्हणजे रुग्णालय, मोठी केली. खालची तोटी, म्हणजे पुढची देखभाल, होती तेवढीच ठेवली. भरती वाढते, टाकी पुन्हा काठोकाठ, आणि अडकून पडलेले उलट वाढतात.

कागदावर मांडून बघू. रोज 20 जण भरती, सरासरी मुक्काम 5 दिवस, म्हणजे 100 खाटा. हा लिटलचा नियम: रोजची भरती गुणिले सरासरी मुक्काम. रोजच्या त्या 20 मधले 2 जण उपचारांनंतर आणखी 10 दिवस थांबले की 20 खाटा त्यांच्याच. एकूण 120. ते थांबणं 5 दिवसांवर आणलं, तर 10 खाटा सुटल्या. वीटसुद्धा रचावी लागली नाही.

मग संगणकावर सिम्युलेशन, म्हणजे रुग्णालयाची नक्कल, कशाला? कारण 120 ही सरासरी आहे. भरती आपल्या मर्जीने होत नाही. 120 खाटा ठेवल्या तर जवळपास निम्मे दिवस जागा नसेल. शंभरातले 95 दिवस निभावायला सुमारे 138 लागतात. त्यात शनिवार-रविवारी डिस्चार्ज मंदावतात, थंडीत भरती वाढते. हे सगळं एकत्र आलं की सूत्र हात टेकतं.

सिम्युलेशन फसतं ते बहुधा रजिस्टरपाशी. ‘डिस्चार्ज’ म्हणून लिहिलेली वेळ कोणती? डॉक्टरांनी सांगितल्याची, कागद पुरे झाल्याची, की खाट रिकामी झाल्याची? तिन्ही वेगळ्या मागा. मुक्कामाला सरासरी वापरू नका, प्रत्यक्ष नोंदींतून मुक्काम उचला. दीड महिना राहिलेले थोडेच असतात, पण खाटा तेच खातात. मॉडेल रिकाम्या वॉर्डापासून सुरू होतं, तेव्हा सुरुवातीचे काही महिने हिशोबात धरू नका. वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांवर निदान 30 वेळा चालवा. गेल्या वर्षीची मध्यरात्रीची खाटमोजणी त्यातून निघते का, ते पाहा. जुळत नसेल तर आकडे पिळून जुळवायचा मोह होतो. तिथे बहुतेक वेळा एखादा नियमच सुटलेला असतो. जागा नसली की मेडिसिनचा रुग्ण सर्जरीच्या वॉर्डात जातो आणि ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली जातात. हे कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही, सिस्टरना विचारावं लागतं.

आणि तो दंड? मॉडेलात त्याचा बाण, म्हणजे पैसा कुठून कुठे जातो ते, आखून पाहा. पैसे निघतात स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून, आणि देखभालीच्या जागा विकत घेतल्या जातात तेही त्याच तिजोरीतून.