बीच बॉल आणि परग्रहवासी

मंडळी, तुटपुंज्या पैशांत काढलेल्या विज्ञानपटांचा विषय निघाला की लोक आधी हसतात. हसा, माझी हरकत नाही. १९५३च्या 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये मानवजात संपवायला आलेला राक्षस म्हणजे गोरिलाचा पोशाख आणि वर हेल्मेट चढवलेला माणूस. त्याला घाबरणार कोण? पण मला बोलायचंय ते खिसा रिकामा आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या आणि त्यावरच गोष्ट रचणाऱ्या सिनेमाबद्दल.

'डार्क स्टार' घ्या, १९७४चा. जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी कॅलिफोर्नियात, विद्यार्थिदशेत सुरू केलेला. पुढे तो वाढवून थिएटरात आणला, तरी सगळा खर्च साधारण ६०,००० डॉलर. त्याच्या सहा वर्षं आधी दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये अंतराळयान कसं लखलखीत, शिस्तीचं असतं ते दाखवून ठेवलेलं. यांना ते परवडणारच नव्हतं. मग यांचं यान वीस वर्षं भटकून खिळखिळं झालेलं, आतली माणसं दाढी वाढलेली, एकमेकांना विटलेली. यानावरचा टॉयलेट पेपरचा साठासुद्धा एका अपघातात गेलाय! सेट गबाळा दिसतो? दिसणारच, यानच गबाळं आहे.

यानावर पाळलेला परग्रहावरचा प्राणी म्हणजे चक्क रंगवलेला बीच बॉल, खाली रबरी पंजे लावलेला. तो पळतो, यानातला एक जण, पिनबॅक, त्याच्यामागे लिफ्टच्या विहिरीत शिरतो आणि खोल पोकळीवर लोंबकळत राहतो. पिनबॅकचं काम खुद्द ओबॅननचं. तो चेंडू येऊन त्याला चक्क गुदगुल्या करतो. आपण हसतो, आणि हसताहसता 'अरे, पडेल हा' म्हणून खुर्चीही घट्ट धरतो. चेंडू हलवणारा होता निक कॅसल, जो चार वर्षांनी कारपेंटरच्याच 'हॅलोवीन'मधला मुखवटेवाला खुनी झाला. ओबॅननचं मात्र या प्राण्यानं समाधान झालं नाही. यानात मोकाट सुटलेला जीव ही कल्पना त्यानं पुन्हा हातात घेतली, यावेळी हसवण्यासाठी नव्हे. तो 'एलियन', १९७९.

या वाटेनं पुढं गेलेले बरेच आहेत. जेम्स कॅमेरॉननं निर्माता रॉजर कॉर्मनच्या स्वस्त चित्रपटांत सेट उभे केले. यानाच्या भिंतींना बर्गरच्या थर्माकोलच्या डब्या चिकटवून. वर रंग मारला की झालं.

माझ्या मते मात्र 'डार्क स्टार'मधली सगळ्यात थरारक जागा म्हणजे एक संभाषण. ग्रह उडवायचा बॉम्ब यानालाच अडकून बसलाय, आणि तो बोलतो. हट्टी आहे, वेळ झाली की फुटणार म्हणतो. यानाचा प्रमुख डूलिटल अंतराळपोशाख घालून बाहेर जातो आणि त्याला तत्त्वज्ञान शिकवतो: तुझ्याबाहेर काही अस्तित्वात आहे, हे तुला कशावरून कळलं? बॉम्ब विचारात पडतो! एक मॉडेल, एक आवाज आणि एक माणूस. याला कितीसा खर्च येणार? बॉम्ब शेवटी कुठल्या निष्कर्षाला पोचतो ते मी सांगत नाही. दिवे मालवा, बघूच.